रोपाला पहिल्याच दिवशी मैदानात उतरवू नका

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय टोमॅटोच्या रोपांचा आहे, पण भांडण आहे ते आपल्या सगळ्यांच्या आवडत्या एका वाक्याशी. ते वाक्य असं: "टाका उन्हात, जगायचं ते जगतं. आणि जगलं की कणखर होतं."

हे वाक्य मी गच्चीवर बाग करणाऱ्यांकडून ऐकलं आहे, शिरोळकडच्या बागायतदार नातेवाइकांकडून ऐकलं आहे, आणि रोपं विकणाऱ्यांकडून तर दर हंगामात ऐकते. बोलणारे बहुधा माझ्याच वयाचे असतात. सत्तरी ओलांडली की 'आम्ही चार पावसाळे जास्त पाहिलेत' म्हणायला आपण मोकळे होतो. माझेही पावसाळे काही कमी नाहीत. तेव्हा त्याच अधिकारानं सांगते, हे वाक्य साफ खोटं आहे. त्यापायी रोपं मरतात, पैसे बुडतात, आणि वर 'रोपंच नाजूक होती' म्हणून त्या बिचाऱ्यांनाच नावं ठेवली जातात.

मी जन्मभर मराठी शिकवलं, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण निवृत्तीनंतर परसात आणि गच्चीवर नेमानं टोमॅटो लावते. पानाकडे बघायला पदवी लागत नाही, डोळे लागतात. बाकीचं पुस्तकांत मिळतं.

तर आधी पानाचं ऐकू. जाळीच्या सावलीत वाढलेलं पान मोठं, पातळ आणि मऊ असतं. तिथे उजेड कमी, म्हणून मिळेल तेवढा गोळा करायला रोप पान पसरट करतं. वरचा मेणाचा थरही पातळच ठेवतं, कारण तिथे कडक ऊन नाही, वारा नाही, अंगातलं पाणी उडून जायची फारशी भीती नाही. त्या जागेपुरतं ते पान अगदी शहाणं असतं. मग एके दिवशी आपण तेच रोप भर दुपारी उघड्यावर आणून ठेवतो. लख्ख उन्हात सुमारे १ लाख लक्स उजेड असतो. ५० टक्क्यांच्या जाळीखाली त्याच्या निम्मा, आणि घरात खिडकीपाशी तर त्याचा अगदी लहानसा अंश. झेपेल त्याहून जास्त उजेड पानात शिरतो, वापरता न आलेली ती शक्ती हरितद्रव्याचीच मोडतोड करते, आणि एक-दोन दिवसांत पानावर पांढरट, कागदासारखे सुकलेले चट्टे दिसायला लागतात. तो चट्टा पुन्हा हिरवा होत नाही. तेवढं पान गेलं ते गेलंच.

आता कळीचा मुद्दा. पूर्ण वाढलेलं पान आपली जाडी बदलू शकत नाही. हळूहळू सवय लावली तर ते थोडंफार सांभाळून घेतं, पण त्याची घडण सावलीतलीच राहते. नवीन उमलणारं पान मात्र ज्या उजेडात उमलतं त्याच्या बेतानं घडतं. ते लहान, जाड आणि वरून चांगलं मेणचट निघतं. म्हणजे रोप कणखर होतं ते नवी पानं उन्हाच्या बेतानं आल्यामुळे. जुनं पान भाजून यात काडीचाही फायदा होत नाही. उलट नवं पान घडवायला लागणारं अन्न जुन्या पानातूनच यायचं असतं, आणि तेच आपण जाळून बसतो! हार्डनिंगला सात ते दहा दिवस लागतात ते याचसाठी. नव्या पानांना यायला तेवढा वेळ द्यावा लागतो. तो वेळ न देता रोपाला नुसता चटका देणं ही शिक्षा झाली, शिक्षण नव्हे. आणि या दोन शब्दांतला फरक मला कोणी शिकवू नये.

कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागतं याचं मला जास्त नवल वाटतं. तालमींचं गाव आपलं! गंगावेशीत असो की मोतीबागेत, नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी खासबागेत जोडीला उभं करतो का? आधी हौद्यातली माती उकरायची, मग जोर-बैठका, मग आपल्याच वयाच्या आणि वजनाच्या पोराशी झट्या. मैदान फार पुढची गोष्ट. पहिल्याच दिवशी खांदा निखळलेलं पोर 'कणखर झालं' असं कोणी वस्ताद म्हणाला, तर त्याच्या तालमीत पुन्हा कोणी पोर पाठवणार नाही.

आमच्या नात्यातले एक थोरले या मुद्द्यावर नेहमी सांगतात, "आम्हाला नाही का वडिलांनी विहिरीत ढकललं? शिकलोच ना पोहायला!" ढकललं खरं. पण पाठीला पत्र्याचा डबा बांधून ढकललं, आणि काका काठावर धोतर खोचून उभे होते, एवढं सांगायला ते विसरतात. आठ-पंधरा दिवसांनी हातपाय नीट चालायला लागल्यावर डबा सुटला. तो डबा म्हणजेच हार्डनिंग, दादा! तुमच्या वडिलांना ते कळत होतं. त्यांच्या नावावर भलतं तत्त्वज्ञान खपवू नका.

दुसरा आक्षेप असा की, "पूर्वी कुठं होतं हो असलं काय? तरवा टाकायचा, उपटायचा, लावायचा, झालं." हा आक्षेप मात्र ऐकण्यासारखा आहे, कारण त्यातच उत्तर आहे. पूर्वी टोमॅटोचं, मिरचीचं, वांग्याचं रोप उघड्या गादीवाफ्यावर वाढायचं. उगवेपर्यंत वर गवताचं नाहीतर पाचटाचं आच्छादन, आणि उगवलं की ते काढून घ्यायचे. पहिल्या पानापासून ऊन आणि वारा अंगावर. त्या रोपाला उन्हाची निराळी सवय लावायची गरजच नव्हती, ते उन्हातच जन्मलेलं होतं. उपटताना मुळं तुटत, त्यामुळे चार दिवस मान टाकायचं, पण पान भाजायचं नाही.

आता रोप जाळीखाली वाढतं. ९८ कप्प्यांचा काळा ट्रे, त्यात कोकोपीट, आणि २१ ते २५ दिवसांत रोप तयार. मुळं शाबूत निघतात, बियाणं वाया जात नाही, बारीक जाळी असेल तर पांढऱ्या माशीपासूनही बचाव होतो. मी जाळीच्या विरोधात अजिबात नाही. पण पद्धत बदलली की जुन्या पद्धतीत जी पायरी आपोआप पार पडत होती ती आता मुद्दाम पार पाडावी लागते. ती पायरी गाळायची आणि वर 'पूर्वी कुठं होतं' म्हणायचं, हे म्हणजे नळ आल्यावर विहीर बुजवायची आणि नळाला पाणी नाही म्हणून आडाला नावं ठेवायची!

राज्य सरकारनं २०२० साली भाजीपाल्यासाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर रोपवाटिका योजना आणली. शेडनेट, पॉलिटनेल, फवारणी पंप, प्लॅस्टिक क्रेट यांच्या खर्चाला ५० टक्के अनुदान. चांगली योजना आहे, गावोगावच्या तरुण मुलामुलींना त्यातून धंदा मिळू शकतो. पण अनुदान सामानाला देता येतं. रोपं विकण्याआधी जाळीबाहेर काढून आठवडाभर डोळ्यांत तेल घालून सांभाळण्याला अनुदान कसं देणार? ते शेवटी नर्सरीवाल्याच्या नीतीवरच येऊन थांबतं.

आणि इथेच माझं खरं भांडण आहे. गेल्या ऑक्टोबरात शहराजवळच्या एका नर्सरीतून मी आणि शेजारच्या वहिनींनी मिळून दोन ट्रे घेतले. (नाव सांगणार नाही, एकट्या त्याचाच हा दोष नाही.) "एकदम कणखर माल हाय बाई, डोळं झाकून लावा," असं सांगून त्यानं दिले. ट्रे मात्र आमच्यादेखत जाळीच्या आतून, गारव्यातून उचलून आणले. मी माझा ट्रे सावलीत ठेवला. वहिनींनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून त्याच दिवशी दुपारी रोपं लावली. तिसऱ्या दिवशी वाफा चुना शिंपडल्यासारखा दिसत होता. फोन केला तर म्हणतो, "बाई, ऊनच लई हाय, आमी काय करणार?" ऑक्टोबरात ऊन पडतं हे त्याला त्या दिवशी कळलं असावं!

आपल्याकडे ऑक्टोबर हा रोपांना सगळ्यांत दगा देणारा महिना. पेरणी होते ती गणपती-नवरात्राच्या आसपास, ढगाळ हवेत आणि वर पुन्हा जाळी. म्हणजे सावलीत सावली. मग पाऊस एकदम उघडतो, आभाळ धुतल्यासारखं निघतं, आणि लावणी नेमकी त्याच आठवड्यात येते. ज्या रोपानं आयुष्यात कडक ऊन पाहिलेलं नाही, ते थेट त्या उन्हात.

"चार रोपं भाजली म्हणून एवढा कांगावा?" असं कोणी म्हणेल. गच्चीवरच्या बाईची चार रोपं गेली तर खरंच फार बिघडत नाही. पण शेतात जाऊन हिशेब करा. पाच फुटांची सरी आणि दीड फुटावर रोप धरलं तर एकरी जवळपास ५,८०० रोपं बसतात. दहातलं एक जरी गेलं तरी ५८० नांगे. ते भरायला पुन्हा रोपं, पुन्हा बायकांची मजुरी. शिवाय नांग्यातलं रोप कायमच आठ-दहा दिवस मागे. बांधणी, फवारणी, तोडणी, सगळ्यांचं वेळापत्रक विस्कटतं. आणि पीक कसलं, तर टोमॅटो! २०२३ च्या जुलैत किरकोळ बाजारात किलोला शंभराच्या वर गेलेला टोमॅटो त्याच सप्टेंबरात शेतकऱ्यांना रस्त्यावर ओतावा लागला. ज्या पिकाचा बाजार इतका लहरी, तिथे आठ-दहा दिवस मागे पडणं म्हणजे कधी कधी सगळा हंगाम हातचा जाणं. नर्सरीवाल्यानं वाचवलेला आठवडा शेतकऱ्याच्या खिशातून जातो, हे सरळ गणित आहे.

नर्सरीवाल्याची बाजूही मी ऐकून घेतली आहे. तो म्हणतो, जागा अडते, मागून दुसरी पेरणी उभी असते. आणि दुसरं जे म्हणतो त्यावर मला काही क्षण गप्प बसावं लागलं. तो म्हणतो, "बाई, उन्हातलं रोप गिऱ्हाईक घेतच न्हाई. ठेंगणं, राकट, देठाला जांभळट झाक. लोकांना लुसलुशीत पायजे." यात तथ्य आहे. आपण मंडईत भाजी निवडतो तसं रोप निवडतो. कपिलतीर्थात मेथीची जुडी घेताना कोवळी बघावी, बरोबर आहे, ती उद्या शिजवायची असते. रोप तीन-चार महिने उन्हात उभं राहायचं असतं. त्याला मेथीचं माप कसं लावता? तेव्हा या पापात गिऱ्हाइकाचा वाटा आहेच. पण गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून खोटं सांगून विकायचं, हे काही उत्तर झालं नाही. "जाळीतलं आहे, आठ दिवस सांभाळून मग लावा," एवढं सांगायला किती पैसे लागतात?

तिसरा पंथ आहे पाणी तोडणाऱ्यांचा. त्यांच्या मते हार्डनिंग म्हणजे रोपाला तहानेनं व्याकूळ करणं. पाणी थोडं कमी करायचं हे खरं, त्यानं वाढ जरा मंदावते आणि रोप काटक होतं. पण कमी करणं वेगळं आणि तोडणं वेगळं. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका रोपाच्या वाट्याला मूठभरही माती येत नाही. काळा ट्रे, खाली तापलेला कोबा, वर ऊन, अशात एक दुपार पाणी चुकलं तरी मुळं भाजतात. शिवाय गरजेपेक्षा जास्त छळलेलं रोप खुरटतं, खोड काटकीसारखं होतं, लावल्यावर कित्येक दिवस हलत नाही. शाळेत अशी पोरं मी पाहिली आहेत. घरी इतका धाक की वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाहीत. लोक त्यांना शिस्तीची म्हणायचे.

चौथा पंथ परदेशी पुस्तकांचा. न्यू जर्सीतला माझा पुतण्या मोठ्या प्रेमानं मला तिकडची माहिती पाठवतो. तिकडे हार्डनिंगचा मुख्य शत्रू थंडी. मे महिन्यात हिमाची भीती सरली की रोपं हळूहळू बाहेर काढायची, रात्री आत घ्यायची. त्याच्याकडे ते योग्यच आहे. पण त्यातला एक सल्ला इकडे जसाच्या तसा फिरतो, तो म्हणजे 'उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत ठेवा'. बाळा, कोल्हापूर कर्कवृत्ताच्या पुष्कळ खाली आहे. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्यानंतर ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो! ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तरेची भिंत चांगली सावली देते. मे महिन्यात तिच्या भरवशावर रोपं ठेवलीत तर दुपारी तिथेच भाजून निघतील.

आता भाजलेल्या पानांवरच्या उपचारांबद्दल. पांढरे चट्टे दिसले की लोक पान तोडून औषधांच्या दुकानात धावतात, आणि तिथून बहुतेक वेळा बुरशीनाशकाची पुडी घेऊन येतात. जरा पान बघा की! करप्याचे डाग सहसा खालच्या, जुन्या पानांवर सुरू होतात, तपकिरी असतात, त्यांत एकात एक वलयं दिसतात, आणि ते पसरत जातात. उन्हाचा चट्टा सूर्याकडे तोंड केलेल्या पानांवर येतो, पांढरट असतो, सगळ्या रोपांवर जवळपास एकाच वेळी दिसतो आणि पुढे पसरत नाही. त्याला औषध नाही. तेलकट किंवा साबणाचं काही दुपारी फवारलंत तर पोळलेल्या जागी आणखी पोळेल. रोप सावलीत आणा, पाणी द्या, आणि जे पान अर्धं हिरवं आहे ते तोडू नका, त्या अर्ध्यावरच रोप जगणार आहे. शेंडा हिरवा असेल तर नवं पान येतं. त्याची वाट बघणं हाच उपाय.

नुसतं भांडून भागत नाही, म्हणून माझी पद्धत सांगते. पहिले दोन दिवस रोपं झाडाखाली किंवा पडवीत, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळचं कोवळं ऊन, नऊपर्यंत. पाचव्या-सहाव्या दिवशी साडेदहापर्यंत. सातव्या-आठव्या दिवशी बारापर्यंत, आणि पुन्हा चारनंतर. नवव्या-दहाव्या दिवशी दिवसभर. मध्ये ढग आले तर तो दिवस मोजायचा नाही. ट्रे कोब्यावर ठेवायचा नाही, विटांवर फळी टाकून तिच्यावर. पाणी सकाळी नीट, दुपारी पानं मलूल दिसली तर थोडं पुन्हा. या दिवसांत युरिया नाही, त्यानं पुन्हा तीच कोवळी वाढ होते. लावणी चारनंतर, उन्हं कलल्यावर. आणि लावल्यावर पहिले तीन-चार दिवस रोपाच्या पश्चिमेला एखादी डहाळी खोचायची, बुडाशी पाचट. पाचटाला आपल्या जिल्ह्यात तोटा नाही, पेटवून देण्यापेक्षा हे बरं. त्या ऑक्टोबरातला माझा ट्रे असाच लागला, आणि वहिनींच्या रोपांशेजारीच उभा राहिला.

राहता राहिली मागणी. रोपं विकणाऱ्यांनी ट्रेवर दोन तारखा लिहाव्यात, पेरणीची आणि जाळीबाहेर काढल्याची. खडूनं लिहिल्या तरी चालतील. आणि घेणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, त्या विचारल्याशिवाय पैसे काढू नयेत. दुसरी तारीख नसेल तर रोप घेऊ नका असं मी म्हणत नाही, पण ते कच्चं आहे हे समजून घ्या आणि घरी दहा दिवसांची तयारी ठेवा. लुसलुशीत आणि राकट असे दोन ट्रे शेजारी असतील तर राकट उचला. आपण राकट मागायला लागलो की नर्सरीवाले आठवडाभरात तयार करतील, धंद्याचा नियमच आहे तो.

तुमच्या भागात कोणी अशी तारीख लिहून रोपं विकत असेल तर मला जरूर कळवा. कोल्हापुरापासून पन्नास मैलांवर असला तरी यंदाची रोपं त्याच्याकडून आणीन, आणि वहिनींनाही बरोबर घेऊन जाईन.